पेनातली नळी

मानसिंगचं आणि कमळाकरशेटचं पहिल्या दिवसापासून फाटलेलं होतं. त्र्याण्णव सालची गोष्ट. बोनकोड्यात घरामागे शेटने गाळा बांधला, लेथ मशीन आणलं आणि रेझीनची रंगीत पेनं करायचा धंदा मांडला. स्वतःला त्या मशीनची कळ कुठे असते तेवढंही ठाऊक नव्हतं. मानसिंग कराडकडचा, तुर्भ्याच्या कारखान्यात अकरा वर्षं लेथवर उभा राहिलेला. कारखाना बंद पडला म्हणून इथे आला, तर पहिल्याच दिवशी शेटने त्याला गिऱ्हाइकासाठी चहा सांगायला पिटाळलं. मानसिंग गेला, पण ते त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

कामात एक मोठी अडचण होती. रंगीत रेझीन साच्यात ओतून कांडी करायची, तिला भोक पाडायचं, आत पितळी नळी चिकटवायची आणि मग कांडी लेथवर धरून तासायची. पण रेझीन सरबतासारखं आरपार. तासून पातळ झालं की आतली पिवळी नळी उघडी पडायची आणि पेन अगदी भिकार दिसायचं. मानसिंगने पंधरा दिवस डोकं खाजवलं. शेवटी तोड सापडली. तारेला कापूस गुंडाळून तो भोकाला आतूनच रंग द्यायचा, तो पुरता वाळू द्यायचा, आणि मगच नळी बसवायचा. नळी कुठे गेली ते देवालाही दिसलं नसतं.

पेनं उचलली जाऊ लागली. वाशीचा एक व्यापारी दर महिन्याला यायचा. तो आला की शेट मानसिंगला बाजूला सारून स्वतः लेथसमोर उभा राहायचा, हाताला जरासा भुसा लावायचा आणि सांगायचा, सगळं मीच करतो. असा निर्लज्ज माणूस! मानसिंगची कानशिलं तापायची. त्याला जास्त काही नको होतं. हे माझ्या हातचं आहे, एवढं एकदा त्या व्यापाऱ्यासमोर कुणीतरी बोलावं, बस.

एक दिवस शेटने हुकूम सोडला, नळी कशी लपवतोस ते दाखव. मानसिंगने मुद्दाम अर्धंच दाखवलं. नळीलाच बाहेरून रंग फासला आणि म्हणाला, झालं. शेट खूष झाला. सोमवारी गाळ्याला नवं कुलूप होतं; मानसिंगची गरज संपली होती.

पण नळी भोकात ढकलताना घासते आणि रंग खरवडून निघतो. शेटच्या सगळ्या पेनांत पिवळे ओरखडे उठले. व्यापारी दुसऱ्या दिवशी यायचा होता, तेव्हा शेट कोपरखैरण्याला मानसिंगच्या खोलीवर आला. मानसिंगच्या बायकोने, शकुबाईने पाणी पुढे केलं, त्याला तो शिवला नाही. मानसिंगने एकच अट घातली: व्यापाऱ्यासमोर माझं नाव सांगायचं. शेटने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यापारी आला. मानसिंग लेथवर होता. कोण हा, व्यापाऱ्याने विचारलं.

"यो व्हय? झाडलोट करतो, बाकी काय नाय," शेट म्हणाला.

मानसिंगने मशीन बंद केलं. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला असं म्हणायचं, तेही त्याच्याच कामासमोर! त्याने अर्धवट कांडी उचलून व्यापाऱ्याच्या हातात दिली.

"शेट, नळी लपवायचं काम माझं. तुमी मला लपवायचं नाय."

आणि त्याने सगळं सांगून टाकलं. तार, कापूस, रंग किती पातळ करायचा, किती तास वाळवायचा, चिकटवताना नळी का फिरवायची. व्यापाऱ्याने वही काढून भराभरा लिहून घेतलं. शेटच्या तोंडावरचा रंग उडाला तो पाहून मानसिंगला जन्मात झालं नव्हतं इतकं बरं वाटलं. तो चपला घालून निघाला.

महिनाभरात त्या व्यापाऱ्याने स्वतःचीच पेनं बाजारात आणली. शेटचा धंदा बसला. मानसिंग कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात पत्रे मोजायला लागला. पण घरी जेवायला बसला की शेटचं पडलेलं तोंड रंगवून सांगायचा. शकुबाई ऐकून घ्यायची. एकदा भाकरी वाढता वाढता तिने विचारलं,

"त्या येपाऱ्यानं एवढं समदं लिवून घेतलं. तुमचं नाव तरी इचारलं का?"

मानसिंग आठवत राहिला. नव्हतं विचारलं.