खिशातला प्रसाद

सुरतेत नवागामच्या आमच्या खोलीत आम्ही तिघं राहतो. एक धुळ्याकडचा, एक बीडचा, आणि मी बुलढाण्याचा. तिघंही कापडाच्या लूमवर. तिघांत गणपतीची आरती सगळ्यात मोठ्यानं म्हणणारा मीच.

आता मी आहे महानुभाव. आमच्यात आपल्या परमेश्वराशिवाय दुसऱ्या कुठल्या देवाला पूजत नाहीत, आणि दुसऱ्या देवापुढं ठेवलेलं तोंडात घालत नाहीत. मी रीतसर उपदेश घेतलेला माणूस. पण खोलीत कुणाला बोललो नाही. पहिल्या वर्षी आरतीत नुसते ओठ हलवले. दुसऱ्या वर्षी कुणाला शंका नको म्हणून थोडा आवाज काढला. तिसऱ्या वर्षी मंडळानं माइकच हातात दिला. लपायला गेलो तो थेट स्टेजवर.

प्रसाद मात्र खाल्ला नाही. हात तोंडाकडे न्यायचा, गाल हलवायचे आणि बुंदी खिशात. मग ती गल्लीतल्या बकरीला. गणपतीचे दहा दिवस ती बकरी माझ्यामागं अशी फिरायची, जशी माझी लग्नाची बायको. खरी बायको जाऊन नऊ वर्षं झाली. ती एवढी मागं फिरली नाही कधी.

सांगून टाकायचं होतं की, असं कुणीही म्हणेल. सांगितलं होतं. सुरतेत नवा होतो तेव्हा डिंडोलीला आठ जणांच्या खोलीत राहायचो, तिथं पहिल्याच आठवड्यात बोललो. दुसऱ्या दिवशी एकाच्या मशीनवर सारखे सुताचे तार तुटायला लागले. तो म्हणाला, "सकाळी उठल्या उठल्या मानभावाचं तोंड बघितलं, दुसरं काय होणार?" सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यात जास्त. पण त्या दिवसापासून सकाळी मी उठलो की लोक भिंतीकडं तोंड करून चूळ भरायचे. महिन्याभरात मी बोचकं उचललं.

वडील सांगायचे, आपल्या लोकांचं असंच चालत आलंय. देवगिरीचं राज्य होतं तेव्हापासून. ते गेलं, दिल्लीचे सुलतान आले, मोगल आले, पेशवाई आली. राज्य कुणाचंही असो, आपण आपले आडबाजूला. पेशवाईत तर आपल्याविरुद्ध हुकूम निघाले म्हणायचे. पोथ्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून आपल्या लोकांनी अक्षरंच बदलून टाकली, गुप्त लिपी केली, शेकडो वर्षं बाहेरच्या माणसाला वाचता आली नाही. मला तर आतला असून येत नाही. दुसरीत दोनदा बसलो, तिसरीनं घेतलं नाही. मला बसवरची पाटीसुद्धा गुप्तच. आणि लोकांनी आमच्या नावावरून ढोंगी माणसाला मानभावी म्हणायला सुरुवात केली. इतकी वर्षं आमचे लोक सांगत आले की हे खोटं आहे. मग मी माइक घेतला.

मागच्या गणपतीत, रजेच्या दिवशी दुपारी, आम्ही दारात बसून तोरण ओवत होतो. गल्लीतून काळ्या कपड्यातले एक म्हातारे बाबा आले. मी बघताक्षणी ओळखलं. आमच्या गावाजवळच्या आश्रमातले. माझ्या आईच्या शेवटच्या दिवसांत हेच उशाशी बसून होते, आणि मी सुरतेहून पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं. कुणीतरी पत्ता दिला असणार. थकलेले होते. समोर उभे राहून हात जोडून म्हणाले, "दंडवत."

आमच्यात दंडवताला दंडवतानंच उत्तर देतात. एक शब्द. तो म्हटला की बाबा आत येणार, माझ्या हातचं जेवणार.

धुळ्यावाल्यानं विचारलं, "हाऊ कोन शे रे?"

मी म्हणालो, "काय माहीत भो. पत्ता चुकले असतील."

बाबा माझ्याकडं बघत राहिले. तोरण बघितलं, या दोघांकडं बघितलं. मग म्हणाले, "हो, चुकलंच," आणि वळले.

ते गल्लीच्या टोकाला गेल्यावर बीडवाला सुई खाली ठेवून म्हणाला, "लाज वाटत नाही का रे? तुझ्याकडं आलेला माणूस उपाशी घालवलास."

"माझ्याकडं कशाला?"

"अरे, आम्ही काय आंधळे आहोत का? बकरीला माहीत आहे तू कोण आहेस, आम्हाला नसेल?"

धुळ्यावाला म्हणाला, "आम्ही म्हटलं, यालाच आरती म्हणायची हौस आहे तर म्हणू दे. आवाज बरा आहे."

मी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला आणि पळालो. बीडवाला बरोबर आला. उधना स्टेशनवर बाबा बाकावर बसले होते. मी पायाशी वाकलो, म्हटलं, "दंडवत बाबा. मी चुकलो."

बाबांनी माझ्यामागं उभ्या असलेल्या बीडवाल्याकडं बघितलं. मग अगदी परक्यासारखं मला म्हणाले, "तुम्ही दुसऱ्या कुणाला शोधताय, भाऊ. मी नाही ओळखत तुम्हाला."

"बाबा, याला माहीत आहे सगळं."

"असेल. पण मी नाही ओळखत."

बीडवाला समजावायला लागला, आबा, हा तुमचाच आहे, आमची काही हरकत नाही. बाबा त्याच्याकडं बघून हसले, मान हलवली आणि गाडी आल्यावर चढले. भाकरी घेतली नाही. अनोळखी माणसाकडून कशी घेणार? मला वाचवत होते. आडबाजूला राहणं आमच्यात कुणाला शिकवायला लागत नाही.

त्या संध्याकाळी मी मंडळाला सांगून टाकलं की आरती म्हणणार नाही, आणि का ते पण. "बरं," म्हणाले, माइक दुसऱ्याला दिला. तो बेसूर आहे. मी खोलीत एकटा बसून ऐकत होतो. ती भाकरी खाल्ली, वाळली होती.

आता मी मोकळा आहे. कुणीही विचारा, सांगतो. पण बाबा केव्हाच गावी पोचले असतील. तिथं कुणी विचारलंच की सुरतेत आपलं कुणी भेटलं का, तर माझं नाव कुठं फुटू नये म्हणून ते म्हणतील, कुणी नाही.