डिंकाचे लाडू आणि मानेतली गाठ

लखनौला आल्यापासून माझी हाडं दुखायची. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर होतं. हे रुळांच्या चाचण्यांसाठी निम्मा महिना बाहेर, आणि मुलीला मराठीत हाक मारली तर ओ हिंदीत यायची. दुपारी घरात आवाज करायला प्रेशर कुकर तेवढा. दर रविवारी एसटीडी बूथवरून मी कऱ्हाडला आईला फोन करायची. कशी आहेस, असं तिनं विचारलं की म्हणायची, हाडं दुखतात गं. करमत नाही म्हणायचा मला कमीपणा वाटायचा. चांगला अधिकारी नवरा, अंगण असलेलं घर, कुठल्या तोंडानं रडगाणं गाणार? हाडांचं सांगायला लाज नव्हती.

आईनं तिकडून इलाज सुरू केला. डिंक उष्ण, आमच्याकडे तो थंडीतच खातात. पण तिची लाडवांची पार्सलं ऐन उन्हाळ्यातही यायची, सोबत नाचणीचं सत्त्व. कॉलनीतल्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि वर सल्ला दिला, मन रमवा, स्वेटर विणा. मी गोळ्या गिळल्या, लाडू खाल्ले, स्वेटरही विणला. दुखणं वाढतच गेलं. मग मुतखडा झाला, तो निघतोय तोवर दुसरा.

खड्यांमुळेच मी शहरातल्या मोठ्या इस्पितळात पोचले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर कॅल्शियम जास्त. दंडाला पट्टा करकचून बांधला की आकडा खोटा चढतो म्हणे, म्हणून पट्टा न आवळता पुन्हा रक्त घेतलं. तरी आकडा चढाच. बोटांच्या एक्स-रेत हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या. मग त्यांनी मला बसवून समजावलं. मानेत थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. त्यांतली एखादी फुगून तिची गाठ होते आणि हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतत बसते. थकवा, विसरभोळेपणा, उदासी, सगळं त्यानं होऊ शकतं. गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या आणि मी विचारल्यावर लाडूही. आईला फोनवर सांगितलं, लाडू पाठवू नकोस, ते मला बाधतात. ती बरं म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचा ‘उदासी’ हा शब्द मात्र मी घट्ट धरून ठेवला. इतकी वर्षं मी स्वतःला रडकी समजत होते, आणि ही तर गाठ होती. पण ती सापडायला हवी होती. सोनोग्राफीत काहीच दिसलं नाही. आता स्कॅन उरला होता. त्यातही दिसली नाही तर मान उघडून अंदाजानं शोधावं लागणार होतं. मला त्याची फारशी भीती नव्हती. भीती होती ती गाठ नाहीच असं निघण्याची, कारण मग ही उदासी माझीच ठरली असती.

स्कॅनच्या दिवशी हे टूरवर होते. मी सवारीच्या टेम्पोनं, म्हणजे इथल्या शेअर रिक्षानं, एकटीच गेले. शिरेत औषध टोचून एकदा फोटो काढला. दुसरा काही तासांनी काढणार होते. तेवढ्यात थायरॉईड ते औषध सोडून देते, गाठ धरून ठेवते. तोवर लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब बसा, असं सांगितलं. मला हसूच आलं. मी कुणाच्या जवळ बसत होते? पण एक बाई बाळाला घेऊन माझ्या बाकावर बसायला आली, तेव्हा मी मुकाट्यानं उठले आणि जिन्यापाशी जाऊन उभी राहिले.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फिल्म उजेडावर धरल्या. पहिलीत अख्खी थायरॉईड ठळक दिसत होती. दुसरीत ती जवळपास विझली होती, आणि डावीकडे खाली एकच ठिपका राहिला होता.

“मिल गया,” त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, मी ऑपरेशनला घाबरले. मी आनंदानं रडत होते.

सुपारीएवढी गाठ निघाली. नंतर काही दिवस ओठांना आणि बोटांना मुंग्या यायच्या. उपाशी हाडं आता रक्तातलं कॅल्शियम ओढून घेत होती. दूध प्या, दही खा, ते लड्डूही खा, असा हुकूम झाला. हळूहळू हाडं दुखायची थांबली, विसरणंही कमी झालं. हे खूश होऊन पुन्हा टूरवर गेले. एका संध्याकाळी मी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. कुठंही काही दुखत नव्हतं, आणि संध्याकाळ पहिल्यासारखीच खायला उठली होती. मी शाल गुंडाळून बूथवर गेले. रविवार नव्हता, त्यामुळे आई दचकली.

“आई, लाडू पाठव.”

“ते तुला बाधतात ना?”

“आता चालतात.”

“मग आता कुठं दुखतंय?”

सवयीनं तोंडात हाडंच आली होती.

“कुठंच नाही,” मी म्हणाले. “मला इथं करमत नाही, आई.”

“ते मला ठाऊक आहे,” आई म्हणाली. “नाहीतर उन्हाळ्यात कुणी डिंकाचे लाडू करतं का?”