पाणबुडीच्या नाकात सेव

आता तुम्ही हसणारच, तेव्हा आधी चहा संपवून घ्या, नाहीतर ठसका लागेल. मी एकदा देशाची पाणबुडी नाकावर पाडता पाडता राहिले. हो, इथूनच, स्नेहलतागंजातून. समुद्र इथून कुठच्या कुठे, पण माझं काय अडलंय?

माझा मुलगा अनिकेत पाणबुडीवर अधिकारी आहे. हे मी एरवीही सांगतेच, भाजीवालीलासुद्धा सांगून झालंय. सुटीवर आला होता, रोज माझ्या पुरणपोळ्या हाणत होता. परत निघायच्या दिवशी शेजारचे खेर भिया आले आणि पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरत म्हणाले, "काय भिया, ही पाणबुडी बुडते तर बुडते, पण वापस वर कशी येते?"

अनिकेतने समजावलं. पाणबुडीला बॅलास्टच्या मोठमोठ्या टाक्या असतात. तरंगताना त्यांत हवा असते. बुडायचं तर वरची झाकणं उघडायची, हवा निघून जाते आणि खालून समुद्राचं पाणी शिरतं. वर यायचं तर दाबून ठेवलेली हवा आत सोडायची, ती पाण्याला बाहेर ढकलते.

"बस्स? एवढंच?"

"एवढ्याने बुडते, काका. पण पाण्यात आडवी सरळ राहायला हवी ना? त्या समतोलाला ट्रिम म्हणतात, त्यासाठी वेगळ्या, लहान ट्रिम टाक्या. एक नाकाशी, एक शेपटाशी. नाक जड झालं, की तिथलं पाणी पंपाने मागे पाठवायचं. म्हणून आत काय चढवलं ते आधी सांगावं लागतं, बटाट्याची गोणीसुद्धा. ती खाऊन संपली, की तेवढं पाणी आत घ्यायचं."

माझा ऊर भरून आला होता. आणि एकदम मी त्याच्या भरलेल्या बॅगेकडे बघितलं. कारण तिच्यात, कपड्यांच्या खाली, मी लौंग सेव, म्हणजे लवंगेची तिखट शेव, लपवली होती. थोडीथोडकी नाही, अख्ख्या बोटीला पुरेल एवढी.

सांगायला हवं होतं ना? नाही सांगितलं. सांगितलं असतं तर सेव घरीच राहिली असती.

तो गेला. पोचल्यावर फोन आला. "आई, अजून बॅगही उघडली नाही. उद्या सकाळी निघतोय, आता फोन जमा करतो." मी तोंड उघडेपर्यंत फोन बंद. म्हणजे बॅग तशीच बोटीवर जाणार.

मी यांना विचारलं, "तो बोटीत झोपतो कुठे?"

"पुढे. नाकाकडे."

संपलंच. सगळं ऐकून हे म्हणाले, "अगं, पाणबुडी आहे ती, आपली स्कूटर नाही." पण खेर भिया पडले बाल की खाल काढणारे. "नाही वहिनी, नाकात म्हणजे गडबड आहे. आणि बोटीला काही नाही झालं, तरी लेकाची साहेबांपुढे पेशी होणार. न सांगता माल चढवला म्हणून."

बोट राहू द्या, इथे माझ्या लेकाची नोकरी जायची वेळ आली. त्याच्या बोटीच्या कॅप्टनसाहेबांच्या बायकोचा नंबर माझ्याकडे होता. एका समारंभात त्या म्हणाल्या होत्या, काही अडलं तर फोन करा. लावला फोन.

"मॅडम, बहुत जरूरी बात है. बोट के नाक में वजन है."

"कैसा वजन? किसने रखा?"

"मैंने ही रखा है, छुपाके. अनिकेत को कुछ पता नहीं है, उसको मत पकड़िए."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आंटी, आराम से बताइए. रखा क्या है?"

"सेव."

त्यांनी हळूच विचारलं, "लौंग वाली?"

"हाँ जी. साहब को बोलिए, नाक का थोड़ा पानी पीछे भेज दें."

"बोल दूँगी, आंटी." त्यांचा आवाज थरथरत होता. मला वाटलं, भीतीने.

त्यानंतर मी रोज फोन उशाशी घेऊन झोपले. शेवटी बोट परतली आणि अनिकेतचा फोन आला.

"आई, सेव बोटीत गेलीच नाही. तुझा निरोप आला, बॅग उघडली आणि त्याच संध्याकाळी किनाऱ्यावर संपली. सगळ्यात जास्त कॅप्टनसाहेबांनी खाल्ली."

"मग पेशी?"

"झाली ना. साहेबांनी तुझा निरोप सगळ्यांसमोर सांगितला आणि मला वजनकाट्यावर उभं केलं. म्हणाले, सेव संपली, पण हा सुटीवर गेला तेव्हापेक्षा केवढा जड होऊन आलाय बघा. खरा माल आईने याच्या पोटात लपवून पाठवलाय. आणि माझ्या नावाने नाकातलं पाणी मागे पाठवायला लावलं."

आता मी शरमेने मान खाली घालायला हवी होती. घातली थोडी. पण खोटं कशाला बोलू, ऊर पुन्हा भरून आला. माझ्या पुरणपोळ्यांपायी नौदलाला पाणी हलवावं लागलं, हे काय कमी आहे?

परवा मल्हारगंजात एका लग्नात कुणीतरी विचारलं, "काकी, मुलगा पाणबुडीवर आहे ना? आणि तुम्ही काय करता?"

मी पदर सावरला आणि म्हटलं, "मी ट्रिम बिघडवते."