झोपाळ्याच्या गाण्याची चाल

त्या बाईचं गाणं आजही कुठे कानावर पडलं, की मी आधी मागे वळून बघते, घरचं कोणी ऐकत तर नाही ना. घरचं म्हणावं असं आता उरलंय कोण? तरी बघते.

ती तमिळमध्ये ख्रिस्ती गाणी म्हणायची. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. तंजावूरला घरोघरी केबल येत होती, दुकानांत नवनव्या कॅसेटी लागत होत्या, आणि शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीच्या भावाचं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. मैत्रीण ख्रिस्ती. तिनं मला एक कॅसेट भरून आणून दिली. एका बाजूला ही बाई, दुसऱ्या बाजूला इंग्रजी पॉप म्हणणारी पाच पोरं. त्या पोरांच्या फोटोची झेरॉक्स इतकी काळी आली होती, की पाचही चेहरे करपलेल्या डोशासारखे दिसत. त्यातला डावीकडून दुसरा डोसा माझा, असं आमचं ठरलं होतं. शब्द निम्मे कळायचे नाहीत. गाणं संपता संपता ती सगळी एकदम वरच्या पट्टीत जात, आणि त्या क्षणी मला या गल्लीतून, या दप्तरातून, पळून जावंसं वाटे. पॉपवरचं माझं प्रेम एवढंच.

बाईचं तसं नव्हतं. ती गाताना श्वास घेई, तो ऐकू येई. तिरुवैयारूला, त्यागराजांच्या गावी, जे गाणं शिकतात त्यांना श्वास लपवायला शिकवतात, आणि ही खुशाल दम घेऊन पुढच्या ओळीला हात घालायची, जिना चढणाऱ्या माणसासारखी. शिवाय तिच्या मागे आणखी एक आवाज असे. दोघी वेगवेगळे सूर धरून चालत, आणि तरी भांडण नाही. आमच्या घरी भजनाला वीस माणसं बसत आणि वीसही जण एकाच सुरात म्हणत. दोन वाटांनी जाऊन एकत्र पोचता येतं, हे मला त्या बाईनं पहिल्यांदा ऐकवलं. कॅसेट मी तांदळाच्या डब्यामागे ठेवत असे.

लपवायचं कारण अप्पा. माझे वडील कचेरीत नोकरीला होते, शनिवारी घरी भजन करायचे. ते कधी हात उगारत नसत, आवाजही चढवत नसत. एकदा मैत्रिणीबरोबर मी तिच्या प्रार्थनेला जाऊन आले आणि दप्तरात तिथलं छापील पत्रक राहिलं. अप्पांनी ते वाचलं, घडी करून परत ठेवलं आणि नऊ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताटावर बसले की आईला म्हणत, "तिला विचार, ताक हवं का." त्या नऊ दिवसांची भीती अजून माझ्या अंगात आहे.

आता आत्याबद्दल. अप्पांची थोरली बहीण, लहान वयात विधवा झालेली, आमच्याकडेच राहायची. आम्ही तंजावूरचे मराठी. घरात बोलायचं मराठी, लिहायचं मात्र तमिळ अक्षरांत. माझ्या आजीची लग्नातल्या गाण्यांची वही होती, तीही तशीच, मराठी शब्द तमिळ लिपीत. शब्द वहीत, पण चाली कुठेच लिहिलेल्या नाहीत. त्या आत्याच्या गळ्यात. लग्नात नवरानवरीला झोपाळ्यावर बसवतात, बायका रंगीत भाताचे गोळे ओवाळून टाकतात आणि गातात, त्यातल्या एका गाण्याची चाल मात्र हरवली होती. आजीला येत होती; ऐकली सगळ्यांनी होती, नीट लक्षात कोणाच्याच नव्हती. आत्यानं ती शिकण्याआधीच आजीची आठवण गेली. ते पान आलं की आत्या मुकाट्यानं उलटायची.

आजीची आठवण गेली म्हणजे कशी, ते सांगायला हवं. ती अप्पांना विचारायची, "तुम्ही पोस्टातले का?" रस्त्यावर निघून जायची. शेवटी मागच्या खोलीला बाहेरून कडी लावून ठेवावं लागलं. ती जाईपर्यंत सहा वर्षं तिचं सगळं आत्यानं केलं. आत्या या जगात दुसऱ्या कशाला भीत नव्हती. या एकाच गोष्टीला भीत होती.

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हाची संध्याकाळ. मी मागच्या दारी सांबारासाठी छोटे कांदे सोलत होते आणि त्या बाईचं गाणं मनात फिरत होतं. त्याचा ठेका झोक्यासारखा होता. शब्द तोंडावर आणायची सोय नव्हती, म्हणून मी वहीतल्या त्या मुक्या पानाचे शब्द त्यावर बसवून म्हणत होते. बसले छान. वर बघितलं तर दारात अप्पा, छत्री हातात तशीच.

"ही चाल कुठली?"

मी हातातल्या कांद्याचं साल ओढत राहिले.

"त्या पानाची ना ही? कुणी शिकवली तुला?"

"आत्यानं."

एवढा एकच शब्द. दुसरा सुचला नाही म्हणून.

अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथूनच हाक मारली, "अक्का, अगो इकडे ये. आईची चाल तुझ्यापाशी होती आणि तू मला बोलली नाहीस?"

आत्या पदराला हात पुसत आली. मला पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"मी शिकवली?" ती म्हणाली. मग अप्पांचा चेहरा बघून, "हां. शिकवली असेन."

दुसऱ्या दिवशी अप्पा कचेरीत गेल्यावर तिनं मला गाठलं. "केव्हा गो शिकवली मी?"

"नवरात्रात."

"कुठे बसून?"

"मागच्या पडवीत. तू कढीपत्ता निवडत होतीस. दोनदा म्हणून दाखवलीस."

एका खोट्याला मी कढीपत्ता दिला, पडवी दिली, दोनदा दिलं. खरी गोष्ट कोणी इतकी विचारपूर्वक सांगत नाही, हे तिला कळायला हवं होतं. पण ती माझं ऐकत नव्हती. तिला मागच्या खोलीची कडी दिसत होती.

त्यानंतरचे तीन महिने मी बघितले. ती पदराला गाठी मारू लागली, एकेका कामाची एक. रोज सकाळी मला विचारायची, "आज वार कोणता, मी सांगते, तू बरोबर का ते बघ." वार बरोबर असायचा. गॅसचं बटण चार-चारदा चाचपायची. किल्ल्या आईच्या हवाली केल्या. गाणी म्हणायला बसली की दोन ओळींवर थांबायची. "ही त्याच गाण्याची ना? का दुसऱ्याची मिसळली?" आई म्हणायची, "वन्सं, लग्नघर आहे, कोणाचं डोकं ठिकाणावर आहे?" ती हसायची नाही.

एका शब्दात तिची सुटका होती आणि तो शब्द माझ्याकडे होता. रोज ठरवायची, आज सांगते. मग शनिवार यायचा, अप्पा भजनाच्या मंडळींना ती चाल शिकवायला बसायचे, स्वर लिहून घेतलेला कागद पुढे ठेवून. "आमच्या आईची. हरवली होती," असं दर वेळी सांगायचे. चर्चमधली चाल मुलीच्या लग्नात, आणि ती मी आणली. नऊ दिवसांऐवजी या खेपेला किती? मी घाबरट होते, इतकंच. त्याला दुसरं नाव नाही.

लग्नाच्या सकाळी आत्या हॉलवर यायला तयार होईना. "चार लोकांत माझ्या तोंडून काही गेलं तर? आपल्या आईनं व्याह्यांना चोर म्हटलं होतं, आठवतंय ना? मला इथेच असू दे. बाहेरून कुलूप घाला."

अप्पांनी विनवलं, आई चिडली. वाजंत्री खोळंबली होती. शेवटी आत्यानंच कुलूप आणून माझ्या हातात दिलं.

"तू लाव. तुझ्या बरोबर लक्षात राहतं."

मी लावलं. माझं वय सोळा होतं, पण कुलूप लावण्याइतकं ते पुरेसं होतं.

हॉलवर झोपाळा हलला आणि बायकांनी ते गाणं धरलं. माझी मैत्रीण दुसऱ्या रांगेत होती. पहिल्या ओळीला तिनं मान वर केली, तिसऱ्या ओळीला ती हलक्या आवाजात खालचा सूर लावून म्हणू लागली, तिचे शब्द. कोणाचं लक्ष गेलं नाही. अप्पा डोळे मिटून ताल धरत होते.

गाणं संपल्यावर ती हसत आली. "एय, आमचं गाणं तुमच्या झोपाळ्यावर? तुझे अप्पा बाप्तिस्मा घेतायत की काय?" मग माझा चेहरा बघून थांबली. "आत्या कुठे आहे तुझी?"

"घरी. मी कुलूप लावून आले."

"कुलूप? का?"

दोन गल्ल्यांवर घर होतं. रेशमी परकर, पट्टुपावडं, वर धरून मी धावले आणि कुलूप काढलं.

आत्या जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. मला बघून म्हणाली, "आज गुरुवार." मी डब्यामागची कॅसेट काढून टेपरेकॉर्डरमध्ये घातली. ती बाई गाऊ लागली, तोच श्वास, तीच चाल. आत्यानं सगळं गाणं ऐकलं.

"कोण ही?"

"चर्चमधली गाणी म्हणते."

"आवाज चांगला आहे." तिनं स्वतःच टेप बंद केला. "म्हणजे मी शिकवली नव्हती."

"नाही."

"कढीपत्ता?"

"मी रचलं ते."

ती रडेल, मला मारेल, असं वाटलं. तिनं पदराच्या गाठी एकेक करून सोडल्या. सोडून झाल्यावर म्हणाली, "अप्पाला सांगू नकोस. तो आईला भेटल्यासारखा गातो ती चाल." आणि उठून साडी बदलायला गेली. हॉलवर जेवणाच्या पंक्तीत बसली, सगळ्यांशी बोलली, व्याह्यांची नावं एक न चुकता घेतली.

मला वाटलं, संपलं. अप्पांना मी सांगितलं नाही, त्यांच्या शेवटच्या आजारातही नाही. ती चाल आता चेन्नईपर्यंतच्या लग्नांत म्हणतात. आत्या पुन्हा किल्ल्या वागवू लागली, गाऊ लागली, चांगली अकरा वर्षं. पण मी काही म्हटलं, "आत्या, तू मला असं म्हणाली होतीस," की ती हो म्हणत नसे, नाही म्हणत नसे. आईकडे वळून विचारायची, "म्हणाले होते का गो मी?"

मग तिची आठवण खरोखर जाऊ लागली. आजीसारखीच. मी सासरहून यायची, तिच्या खाटेशी बसायची आणि म्हणायची, "आत्या, मी गो. अप्पांची धाकटी." ती माझा चेहरा नीट बघायची, भ्यायलेली, आणि मग खोलीत जी दुसरी कोणी असेल, आई नाहीतर कामवाली, तिला हळूच विचारायची, "ही सांगतेय ते खरं आहे का?"