सुकडी घेऊन डोंगर चढणाऱ्या बाई

मंडळी, आज वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर आमच्या बालवाडीच्या बाई भेटल्या. नव्वदीला आल्यात, पण नाव सांगताच त्यांनी मला ओळखलं.

बहात्तरच्या दुष्काळात सरकारकडून पोरांसाठी सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा पौष्टिक खाऊ, यायची. ती खाली गावात वाटायचे आणि आमचा धनगरवाडा वर डोंगरात. माझी धाकटी बहीण भुकेनं इतकी खंगली होती, की तिला चालवत नव्हतं. हे कळल्यावर बाई रोज डोक्यावर डबा घेऊन वर यायला लागल्या. मग गावातल्या बायाही पाळीपाळीनं त्यांच्यासोबत आल्या. महिन्याभरात बहीण अंगणात पळायला लागली.

आज विचारलं, "बाई, रोज एवढं कसं चढलात?"

"तुमाला खाली येता येईना, मग आमी वर आलो. त्यात काय लई मोठं?"

मी भर स्टँडवर त्यांच्या पाया पडले.

तुमच्या लहानपणी तुमच्यासाठी असं कोण चालत आलं होतं?