काकूंनी दुसऱ्यांदा वाचलेलं पुस्तक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुला का सांगतोय — ते मलाच नीट ठाऊक नाही.

आधी काकूंविषयी सांगतो. कर्णिककाकू माटुंग्याच्या. बँकेतून निवृत्त झाल्या आणि दादरच्या एका छोट्या गटात अंध विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करू लागल्या. आवाज — काय सांगू? इतिहासातला एखादा रटाळ तहसुद्धा त्या असा वाचायच्या की पुढे काय झालं ते ऐकायला आपण थांबावं. गटाची वेबसाइट मी बघायचो. वरळीतली नोकरी सांभाळून, हौसेनं. सगळे माझं कौतुक करायचे, आणि ते मला आवडायचं — हेही सांगून टाकतो.

रेकॉर्डिंग थेट साइटवर चढवता यावं म्हणून मी प्रत्येक पुस्तकाच्या पानावर फाइल अपलोडची सोय केली. काकूंना शेजारी बसून शिकवलं. त्यांचा फोन भरत आलेला. म्हटलं, एकदा चढवलं की फोनमधून खुशाल पुसून टाका. त्या तसंच करत गेल्या. धडा वाचायचा, चढवायचा, पुसायचा. अख्खं पुस्तक झालं.

मग परळच्या एका विद्यार्थिनीचा त्यांना फोन आला. परीक्षा तोंडावर, आणि साइटवर फक्त शेवटचा धडा.

बघ, इथे आलो की अजूनही अडखळतो.

मी सेटिंग उघडलं आणि लगेच कळलं. एका पुस्तकाला एकच फाइल — ते मीच तसं ठेवलं होतं, बदलायचं राहिलं होतं. नवी चढली की आधीची पुसली जात होती. बॅकअप? तोही मी लावला नव्हता.

काकूंनी विचारलं, "माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का रे?"

'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण गटातले सगळे भोवती उभे होते — आणि मी म्हणालो, "बहुतेक डिलीट दाबलं गेलं असेल, काकू. होतं असं."

त्यांनी सगळ्यांची माफी मागितली. त्या मुलीला फोन करून तिचीही. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धड्यापासून पुन्हा वाचायला बसल्या. तेव्हा त्यांना खोकला होता — तो आला की थांबायच्या, पाणी प्यायच्या, वाक्य पहिल्यापासून घ्यायच्या. कुरकुर नाही, चिडचिड नाही. मला हे जमलं असतं? सेटिंग तर मी त्याआधीच गुपचूप दुरुस्त केलं होतं.

परीक्षेआधी पुस्तक पूर्ण झालं. पहिल्यापेक्षा सरस झालं, असं गटात म्हणतात. पण पहिलं आता आहे कुणाकडे?

आजही नवे वाचक आले की काकूच त्यांना शिकवतात. "मी एकदा अख्खं पुस्तक पुसलं होतं, तेव्हा घाबरू नका," असं सांगूनच सुरुवात करतात. नवखे हसतात, त्यांची भीती जाते. मग काकू माझ्याकडे हात करून म्हणतात, "पण ह्याने मला एका शब्दानं बोल लावला नाही."

मी तिथेच बसलेला असतो. मान हलवतो.