धुरकटलेली काच

आमच्या गावची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, माझ्या बाबांच्या डोळ्यावर चालायची. ते खडकावर उभे राहून बांगड्याचा थवा हेरायचे, पंचा हलवायचे, की होडी जाळं सोडत निघायची. त्यांच्याकडे आजोबांनी गोव्याहून आणलेली एका डोळ्याची पितळी दुर्बीण होती. उजवा डोळा लावायचा, डावा मिटायचा. जन्मभर तसंच.

गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता, मी पंधरा वर्षांची होते. एका सकाळी बाबा वैतागले, "काच धुरकटली गो. तू बघ."

मी बघितलं. लांबच्या होडीची दोरीसुद्धा स्वच्छ दिसत होती. पण रापणीचे चार गडी शेजारीच बसलेले. मी खरं बोलले असते तर त्यांना तिथल्या तिथे कळलं असतं, की टेहळ्याचा डोळा गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, "होय बाबा, धुरकटच दिसता."

माझ्या जिभेला हाड नव्हतं, दुसरं काय! मग बाबांनी काच राखेने घासली, घड्याळजीकडून उघडून घेतली. दर वेळी मला बघायला लावायचे, दर वेळी मी तेच सांगायचे. एकांतातसुद्धा. एकदा बोललेलं मागे घ्यायची मला भीती वाटत होती. दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याचं सांभाळून न्यायचा. खरं सांगत होती ती एकटी दुर्बीण, आणि आम्ही तिलाच नावं ठेवत होतो.

वर्षभराने बाबांनी ढगाच्या सावलीवर पंचा हलवला. दीडशे हातांनी ओढलेल्या जाळ्यात शेवाळ आलं. मग मी बाबांबरोबर मिरजेच्या इस्पितळात गेले.

तिथे डॉक्टरांनी बाबांचा डावा डोळा तळहाताने झाकला. "किती बोटं?"

"कसली बोटां?" बाबा म्हणाले.

"नस सुकलीय. वर्षापूर्वी आला असतात, तर राहिलेली नजर वाचवता आली असती."

परतीच्या एसटीत बाबा खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तुका साफ दिसत होतां मां?"

"होय," मी म्हटलं.

त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. पुढे बाबांचा डावा डोळाही मंदावला आणि खडकावर दुसरा माणूस उभा राहू लागला. बाबा पडवीत बसून मला विचारायचे, दर्यावर काय दिसता. मी सगळं खरंखरं सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि आईकडे वळायचे. "तू बघ गो. ही सांगता तां खरां मां?"